महाराजबाग ते गोरेवाडा : नागपूरच्या पिंजऱ्यांचा इतिहास

नागपूरच्या राजवाड्यातले हत्ती, घोडे आणि बैल सीताबर्डीला नेऊन लिलावात विकले गेले, ही गोष्ट आपल्या शाळेच्या पुस्तकात सहसा नसते. तिसरे रघूजी भोसले डिसेंबर १८५३मध्ये वारले. त्यांना मुलगा नव्हता. लॉर्ड डलहौसीने दत्तक नामंजूर करून १८५४ साली नागपूरचं राज्य खालसा केलं. राज्य गेलं, त्यापाठोपाठ राजवाड्यातल्या वस्तूंची मोजदाद सुरू झाली. राण्यांनी विरोध केला, पण ऐकतो कोण? दागदागिने विक्रीसाठी कलकत्त्याला रवाना झाले आणि जनावरं बर्डीच्या बाजारात उभी राहिली.

१८५७च्या उठावाचा इतिहास लिहिणारा जॉन के हा इंग्रजच. त्यानेही या विक्रीची नोंद नाराजीने केली आहे. शेकडो जनावरं कवडीमोलाने गेली. के म्हणतो की राज्य जाण्याने लोक दुखावले त्यापेक्षा राजवाड्याच्या या लुटीने जास्त दुखावले. राज्य म्हणजे सनदा, खलिते आणि सह्या. ते कधी गेलं हे सामान्य माणसाला दिसत नाही. दसऱ्याच्या मिरवणुकीत पाहिलेला हत्ती बाजारात उभा असलेला मात्र सगळ्यांना दिसतो.

पुढे चाळीस वर्षांनी, १८९४ साली, त्याच सीताबर्डीपासून पायी जाण्याच्या अंतरावर इंग्रजांनी प्राणिसंग्रहालय काढलं. जागा निवडली भोसल्यांच्याच एका बागेची. नाव राहिलं महाराजबाग.

राजाची जनावरं विकणाऱ्या सरकारला राजाच्याच बागेत पुन्हा जनावरं आणून ठेवावीशी का वाटली? नागपूरला जाण्याआधी हे सगळं वाचत होते, तेव्हापासून हा प्रश्न डोक्यात होता.

जरीपटक्याहून

२०२३च्या जानेवारीत मी पुण्याहून नागपूरला गेले ती जरीपटक्याला, कॉलेजातल्या मैत्रिणीच्या घरी. जरीपटका म्हणजे मराठी राज्याचं निशाण, भरजरी झेंडा. या नावाच्या वस्तीत आज दुकानांच्या पाट्यांपासून नाश्त्याच्या दाल-पकवानापर्यंत सिंधी वातावरण आहे. फाळणीनंतर सिंधमधून आलेली कुटुंबं इथे वसली. मैत्रिणीची दादी त्यातलीच. सिंधमधलं घर सुटलं तेव्हा ती पाच-सहा वर्षांची होती.

मी महाराजबागेला निघालेय म्हटल्यावर दादी खूश झाली. लहानपणी घरात सहलीला जायचं म्हटलं की दुसरं ठिकाणच नव्हतं, म्हणाली. वाघ तिने पहिल्यांदा पाहिला तो तिथेच. वडील नव्या गावात कपड्यांच्या गाठी खांद्यावर घेऊन फिरायचे, पण सुट्टीच्या दिवशी पोरांना बागेत न्यायचे. “नागपूर अपना लगने लगा तो वहीं से,” असं ती हिंदीत म्हणाली आणि माझ्या ताटात आणखी एक पकवान वाढलं.

इंदोरा चौकातून मेट्रो पकडली की कडबी चौक, गड्डीगोदाम, कस्तुरचंद पार्क करत दहा-बारा मिनिटांत सीताबर्डी येते. हा मार्ग सुरू होऊन तेव्हा जेमतेम महिना झाला होता. बर्डीवरून महाराजबागेकडे मी चालत गेले. बागेच्या कडेने नाग नदी वाहते. या शहराला नाव देणारी ही नदी आता नाल्यासारखी दिसते. बागेला लागूनच कृषी महाविद्यालयाची शेतं आहेत. शहराच्या ऐन मध्यात एका बाजूला मोराचा आवाज आणि दुसऱ्या बाजूला पिकाचे वाफे, असं दृश्य मी तरी आणखी कुठे पाहिलेलं नाही.

शेजार असा असण्याचं कारण सरळ आहे. महाराजबाग कृषी महाविद्यालयाच्या ताब्यात आहे. हे महाविद्यालय १९०६चं. १९६९ साली अकोल्याला पंजाबराव देशमुखांच्या नावाने कृषी विद्यापीठ झालं आणि महाविद्यालयाबरोबर तिथले वाघ-बिबटेही विद्यापीठाकडे आले. शेतकी शिकवणाऱ्यांनी प्राणिसंग्रहालय चालवायचं, ही व्यवस्था देशात फार क्वचित सापडेल. तिचं मूळ मात्र इंग्रजी काळातल्या विचारातच आहे.

राजाचा रुबाब, साहेबाचा वर्ग

जनावरं बाळगण्याची हौस आपल्याकडे इंग्रजांनी आणली असं नाही. पुण्यात पर्वतीच्या पायथ्याशी पेशव्यांचा शिकारखाना होता. सवाई माधवरावांच्या काळात तिथे सिंह होता, गेंडाही होता. हे आपण खात्रीने सांगू शकतो, कारण गंगाराम तांबट नावाच्या पुण्यातल्या चित्रकाराने १७९०मध्ये तिथला गेंडा समोर पाहून काढला. इंग्रज रेसिडेंट चार्ल्स मॅलेटसाठी काढलेली ही चित्रं आज अमेरिकेत येल विद्यापीठाच्या कलासंग्रहात आहेत. पुण्याचा गेंडा पाहायचा तर आता अमेरिका गाठावी लागते, नाहीतर मोबाइलवर शोधावा लागतो.

शिकारखान्याचा अर्थ कोणालाही समजावून सांगावा लागत नसे. दूरदेशीचं जनावर माझ्या दारात बांधलेलं आहे, यावरून माझा हात किती लांब पोचतो ते ओळखा. पाहुण्या वकिलाला तो मुद्दाम दाखवायचा. नागपूरकर भोसल्यांनीही शहराभोवती बागा उभ्या केल्या होत्या. महाराजबाग, तुळशीबाग, सक्करदरा, तेलंखेडी ही आजच्या नागपूरकराच्या रोजच्या बोलण्यातली नावं त्या बागांचीच. त्या होत्या राजघराण्याच्या विसाव्यासाठी आणि दिमाखासाठी.

इंग्रजांनी याच गोष्टीला दुसरं रूप दिलं. लंडनचं प्राणिसंग्रहालय १८२८ साली सुरू झालं ते अभ्यासकांसाठी. सर्वसामान्यांना ते पुढे खुलं झालं. तोच नमुना मग वसाहतींमध्ये गेला. मुंबईत १८६२ साली राणीची बाग उघडली, तिथे संग्रहालयाची इमारत आली, आणि प्राणीही आले. नागपुरात १८६३ साली रिचर्ड टेंपलच्या पुढाकाराने मध्यवर्ती संग्रहालय निघालं. लोकांनी त्याला नाव दिलं अजब बंगला, आणि तेच टिकलं. तिथे भुसा भरलेले प्राणी, शिलालेख, नाणी, हत्यारं. नंतर महाराजबागेत जिवंत प्राणी. जवळच शेतकीचं शिक्षण. या सगळ्यांकडे एकत्र पाहिलं की इंग्रजांचा हिशोब कळतो. या मुलखात काय काय आहे ते गोळा करायचं, त्याला इंग्रजी आणि लॅटिन नावं द्यायची, आणि रयतेला ते शिस्तीत दाखवायचं. राजाचा हत्ती सलाम घ्यायचा. साहेबाच्या पिंजऱ्यातला वाघ नमुना होता, वर्गातल्या तक्त्यासारखा.

पण शहराबाहेर त्याच काळात वेगळंच चाललं होतं. मध्य प्रांतात वाघ मारणाऱ्याला सरकार रोख बक्षीस देत असे. जेम्स फॉर्सिथचं मध्य भारतातल्या डोंगररानांवरचं पुस्तक १८७१ साली आलं. हा वन खात्यातला अधिकारी होता. त्याने या रानांचं मनापासून वर्णन केलंय आणि त्याच पानांत वाघांच्या शिकारीही रंगवून सांगितल्या आहेत. जंगल इमारती लाकडासाठी हवं होतं, काळी माती कापसासाठी हवी होती. वाघ मध्ये येत होता. जंगलात मारायचा आणि शहरात जपून ठेवायचा, यात तेव्हा कोणाला विसंगती दिसली नाही.

बिबट्यापुढे दोन बापलेक

स्वातंत्र्यानंतर या जागांचा अर्थ पुन्हा बदलला. पुण्यात १९५३ साली पेशवे पार्क निघालं. पर्वतीजवळच, जिथे कधीकाळी शिकारखाना होता त्या परिसरात. आता बाग महाराजांची नव्हती, साहेबाचीही नव्हती. स्वस्त तिकिटात लेकरांना घेऊन जायची जागा झाली. दादीच्या आठवणीतली महाराजबाग ती ही. नव्याने आलेल्या माणसाला तिथे कोणी आडनाव विचारत नव्हतं. अशा जागांचे शहरावर किती उपकार असतात हे जमाखर्चात दिसत नाही, म्हणून ते इथे लिहून ठेवते.

मी गेले त्या दिवशीही गर्दी तशीच होती. शाळेच्या दोन रांगा, कॉलेजची जोडपी, खेड्यांतून आलेली कुटुंबं. बिबट्याच्या पिंजऱ्यापुढे एक गृहस्थ सात-आठ वर्षांच्या मुलाला उचलून उभे होते. चंद्रपूर जिल्ह्यातल्या सिंदेवाही तालुक्यातले. भावाला उपचारांसाठी मेडिकलला आणलं होतं. दोन तास मोकळे मिळाले म्हणून पोराला घेऊन आले होते. मी म्हटलं, तुमच्याकडे तर बिबटे खूप असतील.

“बिबट तं काही नाही ताई,” ते म्हणाले. “आमच्याकडं पट्टेवाला हाये. धानाच्या बांधीत जायचं तं चार जण मिळून जावं लागते. मोहफुलं वेचायले बाया जातेत, तं घरी परत येईपर्यंत जीव थाऱ्यावर नसते.”

वन खात्याने एखादा वाघ पकडून नेला तर तो पुढे कुठे जातो, असं मी विचारलं.

त्यांनी मुलाला दुसऱ्या खांद्यावर घेतलं. “ते काही मालूम नाही. गावातून गेला म्हंजे झालं.”

मुलगा मात्र बिबट्याकडे टक लावून पाहत होता. त्याने वडिलांना विचारलं, हा कोणत्या गावचा? पिंजऱ्यावरच्या पाटीवर बिबट्याचं शास्त्रीय नाव होतं, तो काय खातो, किती वर्षं जगतो हे होतं. कोणत्या गावचा, ते नव्हतं. वडील म्हणाले, “इथलाच असन.”

मुलाने विचारलेला प्रश्न १८९४मध्ये कोणी विचारला नसता. तेव्हा पिंजऱ्यातला बिबट्या हा सगळ्या बिबट्यांचा नमुना होता आणि नमुन्याला गाव नसतं. आज मात्र विदर्भात पिंजऱ्यात आलेल्या बहुतेक मोठ्या जनावरांना गाव असतं, तालुका असतो, पकडल्याची तारीख असते. त्यांच्यामागे कुणाच्या तरी घरातला मृत्यू असतो, विहिरीत पडणं असतं, आई मेलेली असते किंवा शिकाऱ्याचा सापळा असतो.

कायदा आला, वाघ वाढले

१९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने शिकार बंद केली. १९७३ साली व्याघ्र प्रकल्प सुरू झाला. ताडोबा त्याआधीच, १९५५ साली, राष्ट्रीय उद्यान झालं होतं. तेव्हा नागपूर ही मध्य प्रदेशची राजधानी होती आणि चंद्रपूर त्याच राज्यात. पुढे वाघाच्या संरक्षणाला यश येत गेलं. देशव्यापी गणनेत महाराष्ट्रात २०१४ साली सुमारे १९० वाघ होते. २०२२च्या गणनेत ४४४. यातले बहुसंख्य विदर्भात आहेत, आणि ते सगळे काही राखीव जंगलांच्या हद्दीत राहत नाहीत. वयात आलेला वाघ स्वतःचा इलाखा शोधत निघतो. वाटेत धानाची बांधी येते, महामार्ग येतो, कोळशाची खाण येते.

प्राणिसंग्रहालयांसाठीही कायदा बदलला. १९९१च्या दुरुस्तीने वन्यजीव कायद्यात त्यांच्यासाठी वेगळं प्रकरण आलं आणि १९९२मध्ये केंद्रीय प्राणिसंग्रहालय प्राधिकरण स्थापन झालं. यापुढे मान्यता असल्याशिवाय कोणाला प्राणिसंग्रहालय चालवता येणार नव्हतं. पिंजऱ्याचा आकार, पशुवैद्यक, अन्न, विलगीकरण या सगळ्याचे नियम आले. १९९८च्या राष्ट्रीय धोरणाने प्राणिसंग्रहालयांचं मुख्य काम संवर्धन आणि लोकशिक्षण असल्याचं सांगितलं.

एकोणिसाव्या शतकातल्या बागेला एकविसाव्या शतकातले नियम पाळणं जड जातं. महाराजबाग चारी बाजूंनी शहराने वेढलेली आहे, वाढायला जागा नाही. २०१८ साली प्राधिकरणाने तिची मान्यता रद्द केली. त्याविरुद्ध दाद मागितली गेली आणि बाग उघडी राहिली. त्या काळात अनेक नागपूरकर हळहळले. दादीच्या मते तर हा सरळ अन्याय होता. मला दोन्ही बाजू पटतात. लहान पिंजऱ्यात येरझाऱ्या घालणारं जनावर पाहून पोरं काय शिकणार, हा प्रश्न खरा आहे. आणि ज्या मुलाला ताडोबाच्या जिप्सीचं भाडं कधीच परवडणार नाही, त्याने बिबट्या कुठे पाहायचा, हाही खरा आहे.

गोरेवाडा : दिसणारं आणि न दिसणारं

दुसऱ्या दिवशी आम्ही दोघी जरीपटक्यावरून मानकापूर, काटोल रोड करत गोरेवाड्याला गेलो. गोरेवाडा नागपूरकरांना आधी माहीत होतं ते तलावासाठी. शहराला पाणी देणाऱ्या या तलावाभोवतीचं जंगल पाण्यामुळेच शिल्लक राहिलं. १,९१४ हेक्टरचा हा प्रकल्प. २०१५ साली इथे वन्यप्राणी बचाव केंद्र सुरू झालं आणि २६ जानेवारी २०२१ रोजी बाळासाहेब ठाकरे आंतरराष्ट्रीय प्राणी उद्यानाची भारतीय सफारी खुली झाली. वाघ, बिबट्या, अस्वल आणि तृणभक्षी प्राणी असे तिचे चार भाग आहेत.

इथे उलटं असतं. आपण बसमध्ये कोंडलेले आणि जनावर मोकळं. बस दुहेरी फाटकातून आत जाते, एक फाटक बंद झाल्याशिवाय दुसरं उघडत नाही. सागाच्या पानगळीत वाघ बसला होता. बसमधल्या सगळ्यांचे मोबाइल एकदम वर गेले. त्याने मान वळवून आमच्याकडे पाहिलं आणि पुन्हा पंजे चाटायला लागला. महाराजबागेच्या तुलनेत ही जागा किती चांगली, हे कुणालाही कळतं.

पण गोरेवाड्याचा खरा इतिहास घडतो तो बस जात नाही तिथे. बचाव केंद्र पाहुण्यांसाठी बंद असतं, आणि ते योग्यच आहे. जखमी, बिथरलेल्या जनावराला माणसांची गर्दी सोसत नाही. राजुरा तालुक्यात दहशत पसरवणारा आरटी-१ हा वाघ ऑक्टोबर २०२०मध्ये पकडला गेला, तो इथे आला. साहेबराव नावाचा वाघही इथलाच. २०१२ साली चंद्रपूर जिल्ह्यात शिकाऱ्यांच्या सापळ्यात अडकून त्याने पुढच्या पायाची बोटं गमावली. आधी तो महाराजबागेत होता, नंतर गोरेवाड्याला आला. जानेवारी २०२०मध्ये डॉक्टरांनी त्याला कृत्रिम पंजा बसवून पाहिला. माणसांची हाडं जोडणारे शल्यविशारद त्या कामात होते. वाघाने तो पंजा काही वेळातच काढून टाकला. त्याला बरं करण्यामागचा आपला सद्हेतू त्याला कोण समजावणार?

माझ्या भेटीनंतर जवळपास दोन वर्षांनी, डिसेंबर २०२४मध्ये, याच बचाव केंद्रात तीन वाघ आणि एक बिबट्या मेले. नमुने भोपाळच्या प्रयोगशाळेत गेले आणि कारण कळलं : बर्ड फ्लू, एच५एन१. हे प्राणी माणसाशी झालेल्या संघर्षानंतर चंद्रपूरहून आणलेले होते. बातमी दोन दिवस चालली. केंद्र काही काळ बंद ठेवलं गेलं, देशभरच्या प्राणिसंग्रहालयांना सावधगिरीच्या सूचना गेल्या. ते चौघं कोणत्या गावांच्या शिवारातले होते, हे त्या बातम्यांतून फारसं कळलं नाही. मला सिंदेवाहीचे ते गृहस्थ आठवले. गावातून गेला म्हणजे झालं, असं म्हणणाऱ्या गावाला पुढचं कोणी सांगत नाही, आणि सफारीच्या बसमधल्या शहराला मागचं कोणी सांगत नाही.

पाटीवरची एक ओळ

पेशव्यांच्या गेंड्यामागे रुबाब होता, इंग्रजांच्या वाघामागे शिक्षण होतं, पेशवे पार्कच्या माकडांमागे लेकरांची मौज होती. आपल्या काळात विदर्भातल्या पिंजऱ्यांमागचं कारण आपण स्वतः आहोत. आपले रस्ते, खाणी, कालवे, वाढलेली शेती, शिकाऱ्यांचे फासे, आणि वाघ वाचवण्यात मिळालेलं यशसुद्धा. या अर्थाने गोरेवाडा हे जंगल आणि गाव यांच्यातल्या भांडणाचं दप्तर आहे. त्यात प्रत्येक जनावर म्हणजे एकेक नोंद.

हे दप्तर वाचायला उघडं करणं फार खर्चाचं काम नाही. कुंपणावरच्या पाटीवर एक ओळ वाढवायची. हा प्राणी कोणत्या तालुक्यातून आला, कोणत्या साली, का आणला, आणि परत का सोडता येत नाही. जिथे माणूस गेला असेल तिथे तेही लिहायचं, लपवायचं नाही. वाघाचं कौतुक करताना मेलेल्या गुराख्याचा विसर पडू नये आणि गुराख्यासाठी हळहळताना पायाची बोटं गमावलेल्या वाघाचाही. बचाव केंद्राच्या भिंतीआड असलेल्या प्राण्यांच्या अशा ओळी सफारीच्या तिकीटघराशेजारी लावता येतील. त्यासाठी कोणाला आत न्यायची गरज नाही.

१८५४नंतर बर्डीच्या बाजारात उभ्या असलेल्या हत्तींची नावं आज आपल्याला माहीत नाहीत. विकत घेणाऱ्याला फक्त किंमत लिहायची होती. साहेबरावचं नाव तरी टिकलंय. त्याच्या पाटीवरची ओळ अगदी छोटी होईल : चंद्रपूर जिल्हा, २०१२, सापळ्यात पायाची बोटं गेली, शिकार करता येत नाही. सात-आठ वर्षांच्या मुलाला ती वाचता येईल, आणि “हा कोणत्या गावचा?” असं त्याने विचारलं की वडिलांना “इथलाच असन” म्हणावं लागणार नाही.